जपून ठेवणे आणि पुरून ठेवणे

मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायातील तालांतांचा दाखला आपण सर्वांनी अनेकदा ऐकला आहे. आपला तालांत जमिनीत पुरून ठेवणाऱ्या तिसऱ्या सेवकाविषयी आम्हीही वेदीवरून वर्षानुवर्षे प्रवचने केली. परंतु त्याचा अपराध नेमका कोणता, हे अलीकडेपर्यंत आम्हांला पुरते उमगले नव्हते. त्याने चोरी केली नाही, उधळपट्टी केली नाही, हिशेबात लबाडीही केली नाही. धन्याची ठेव त्याने जशीच्या तशी परत केली. तो भ्याला, आणि आपल्या भयाला त्याने खबरदारी मानले. त्याचा अपराध तो हाच!

हे उमगले ते एका साध्या प्रसंगाने. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात रोबो आणि कोडिंग यांचे तीन दिवसांचे शिबिर झाले. काळ्या पट्टीवरून आपोआप चालणारी छोटी गाडी मुलांनी तयार करावयाची होती. पांढरी जमीन प्रकाश परतवते, काळी पट्टी तो शोषून घेते; गाडीच्या पोटाखालील सेन्सर हा फरक टिपतो आणि मुलांनी लिहिलेल्या आज्ञांप्रमाणे डावे-उजवे चाक कमीअधिक वेगाने फिरते. दुसऱ्या दिवशी दुपारी एक गाडी वारंवार पट्टी सोडू लागली. मुले संगणकावरील आज्ञा पुन:पुन्हा तपासत होती. भावाला घरी न्यायला आलेली नववीतील एक मुलगी दाराशी उभी राहून हे पाहत होती. ती हळूच म्हणाली, “खिडकीजवळ आली की चुकते. उन्हामुळे तर नसेल?” खिडकी लोटली आणि गाडी सुरळीत चालू लागली.

शिबिराच्या यादीत त्या मुलीचे नाव नव्हते. आम्ही वडिलांना कारण विचारले. ते निर्मळपणे म्हणाले, “फादर, पोरीला हे कशाला? तिचं नर्सिंगचं आम्ही ठरवून ठेवलंय.”

त्या गृहस्थांना दोष देण्याचा अधिकार आम्हांला नाही. काही वर्षांपूर्वी असाच एक पिता आमच्याकडे सल्ला मागण्यास आला होता. मुलीला परगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळत होता. “जवळचेच काही पाहा,” असे आम्ही त्यांना सांगितले. सांगितले ते मायेपोटीच. परंतु त्या मुलीला मात्र आम्ही एका शब्दाने विचारले नाही. तो सल्ला आजही आमच्या मनाला टोचतो.

कोणी म्हणेल, शुश्रूषा आणि अध्यापन ही काय हलकी कामे आहेत? मुळीच नाहीत. आपल्या समाजातील परिचारिकांनी आणि शिक्षिकांनी किती घरे उभी केली, हे आपण जाणतोच. प्रश्न कामाचा नाही. ते निवडले कोणी, हा आहे.

ख्रिस्तसभेच्या इतिहासातील एक स्त्री येथे आठवते. मिलान येथील मारिया गाएताना आन्येझी हिने १७४८ मध्ये गणितावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. १७५० मध्ये पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी तिला बोलोन्या विद्यापीठात गणिताच्या अध्यासनावर नेमले. परंतु ती तेथे शिकवावयास गेली नाही. पुढील आयुष्य तिने गोरगरिबांच्या आणि आजाऱ्यांच्या सेवेत वेचले. तिने सेवा निवडली, ती गणिताचे दार उघडे असताना. म्हणूनच त्या निवडीला मोल आहे. याउलट, १९६५ मध्ये अमेरिकेत संगणकशास्त्रातील डॉक्टरेट मिळविणाऱ्या पहिल्या काही व्यक्तींमध्ये सिस्टर मेरी केनेथ केलर या धर्मभगिनी होत्या. त्यांनी आपले व्रतस्थ जीवन संगणकाच्या अध्यापनात घालविले. दोघींच्या वाटा वेगळ्या. ठेव मात्र दोघींनीही पुरली नाही.

आणि दार बंद असले तर? आपल्या कमला भागवत, म्हणजेच पुढे कमला सोहोनी, यांना १९३३ मध्ये बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला गेला. नकार देणारे सर सी. व्ही. रामन यांच्यासारखे थोर शास्त्रज्ञ होते. कमलाबाई हटल्या नाहीत. अटी सोसून त्यांनी प्रवेश मिळविला आणि १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट संपादन केली. थोरांचीही दृष्टी कशी चुकू शकते, हे ध्यानी घेऊन आपण आईवडिलांनी आणि धर्मगुरूंनी अंमळ नम्र व्हावे.

आईबापांचे भय खोटे आहे, असे आम्ही म्हणत नाही. परगावचे वसतिगृह, रात्रीचा प्रवास, न पेलणारी फी, लग्नाची चिंता, हे सारे खरे आहे. त्या काळज्यांवर उपाय शोधणे म्हणजे मुलीला जपणे. त्यांच्यापायी तिची बुद्धीच बंद करून ठेवणे म्हणजे तिला पुरणे. तसेच, मोठ्या पगाराच्या आशेने मन नसलेल्या मुलीला संगणकापुढे बसविणे हीदेखील बळजबरीच होय. उत्तेजन याहून साधे असते. भावाच्या हाती स्क्रूड्रायव्हर आणि बहिणीच्या हाती वही, ही वाटणी मोडावी. तिला यंत्र उघडू द्यावे, चुकू द्यावे, पुन्हा जोडू द्यावे. मग तिला काय आवडते, ते तिलाच विचारावे.

येत्या सुट्टीत शिबिर पुन्हा भरेल. त्या मुलीचे नाव यादीत असावे म्हणून आम्ही तिच्या घरी जाऊन आलो. वडिलांनी अजून होकार दिलेला नाही. पण या वेळी त्यांनी लेकीला हाक मारून समोर बसविले.

मुली आपल्या आहेत. त्यांना लाभलेली देणगी मात्र देवाची आहे. हिशेबाच्या दिवशी “आम्ही तिला सुखरूप ठेवले” एवढेच उत्तर आपल्यापाशी असेल, तर तिसऱ्या सेवकाचे उत्तर याहून वेगळे नव्हते, हे आपण विसरू नये.