मिरासदार आणि उपरी

पौषातल्या एका सकाळी माझी नात शाळेच्या स्वेटरमध्ये गुंडाळलेले कुत्र्याचे पिल्लू घेऊन ओट्याच्या पायरीवर येऊन उभी राहिली, आणि मी वर्तमानपत्रातून डोके वर काढतो न काढतो तोच, मी न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तिने देऊन टाकले, "आजोबा, याला कोणी नाही." भाद्रपदात रस्त्यावरच्या कुत्र्यांचा जो धुमाकूळ चालतो, त्याचे फळ मार्गशीर्ष-पौषात गल्लीबोळांतून कुईंकुईं करीत हिंडू लागते, आणि त्यांतले पुष्कळसे जीव संक्रांत पाहत नाहीत, हे ठाऊक असल्यामुळे तिच्या त्या तीन शब्दांना माझ्याजवळ जबाब नव्हता. परंतु त्याच ओट्याच्या दुसऱ्या टोकाला, अकरा वर्षांच्या सवयीने खोलगट झालेल्या गोणपाटावर, आमचा खंडू पुढच्या पायांवर हनुवटी टेकून पडला होता, आणि त्याच्या वरच्या फळीवर साळू मांजर डोळे किलकिले करून खालचा प्रकार न्याहाळीत होती. ज्याला कोणी नाही त्याच्याविषयी काय करावे हे धर्माने आपल्याला पुष्कळ सांगितले आहे. ज्यांना आपण आहोत त्यांचे अशा वेळी काय, हा प्रश्न मात्र मला त्या दिवशी प्रथमच पडला.

महाभारताच्या आरंभी एक कुत्रा आहे आणि शेवटी एक. जनमेजयाचे सत्र कुरुक्षेत्री चालू असता सरमा नावाच्या कुत्रीचा पुत्र तेथे आला, त्याने हविर्द्रव्याकडे पाहिलेदेखील नाही, तरीही जनमेजयाच्या तिघा भावांनी त्याला बडवून काढले. आणि निरपराध मुलाच्या आईने येऊन जाब विचारला तेव्हा त्यांच्यापाशी उत्तर नव्हते, म्हणून अकल्पित भय तुझ्यावर कोसळेल असा शाप त्या राजाला घेऊन बसावे लागले. शेवटचा कुत्रा हस्तिनापुराहून पांडवांच्या पाठोपाठ निघालेला. वाटेत द्रौपदी पडली, चौघे भाऊ पडले, आणि स्वर्गाच्या रथापाशी युधिष्ठिर पोहोचला तेव्हा त्याच्यासोबत तेवढा एक प्राणी उरला होता; त्याला टाकून ये, कुत्री बाळगणाऱ्यांना स्वर्गात थारा नाही, असे इंद्राने बजावले. या दोन कथांचा अर्थ कीर्तनकार सामान्यतः भूतदया असा लावतात, आणि दारी आलेल्या प्रत्येक पिल्लाच्या वतीने त्यांचा दाखला दिला जातो. मला मात्र खंडूकडे पाहता पाहता युधिष्ठिराचे म्हणणे निराळेच ऐकू येऊ लागले. तो करुणेची याचना करीतच नाही. भावांना आणि पत्नीला टाकलेस, मग या कुत्र्याचा एवढा मोह कशाला, असे इंद्र डिवचतो, त्यावर तो म्हणतो की ती माणसे मेली, त्यांना उठवणे माझ्या हाती नव्हते, जिवंतपणी मी कोणाला टाकले नाही; आणि शरणागताला घालवून देणे, मित्राचा द्रोह करणे अशा घोर पातकांच्या पंक्तीला तो एक शब्द बसवतो, भक्तत्याग. भक्त म्हणजे जो आधीपासून आपल्याला धरून आहे तो. नातीच्या हातातले पिल्लू शरणागत होते यात शंका नाही. पण भक्त म्हणायचा तर तो गोणपाटावर पडलेला होता, आणि धर्मराजाच्या ताजव्यात ही दोन्ही पारडी सारख्याच वजनाची आहेत.

माझी हयात महसूल खात्यात, फेरफार आणि हक्कनोंदींच्या दप्तरांत गेली, त्यामुळे कोणताही प्रश्न मला जमिनीच्या भाषेतच सुचतो, हा दोष मी कबूल करतो. जुन्या मराठी गावात शेत कसणारे दोन प्रकारचे असत. मिरासदाराचा हक्क वंशपरंपरेचा. तो सारा भरीत आहे तोवर त्याला कोणी उठवू शकत नसे, आणि दुष्काळात परागंदा झालेला मिरासदार अनेक वर्षांनंतर परतला तरी आपल्या जमिनीवर दावा सांगू शकत असे. उपरी म्हणजे बाहेरून आलेला. कौल मिळेल तेवढ्या मुदतीपुरता कसणारा, गावकीत ज्याच्या शब्दाला वजन नाही असा. खंडूच्या मिराशीला दस्तऐवज नव्हता, पण वहिवाट होती, आणि ती तो रोज पहाटे कुंपणाच्या चारही कोपऱ्यांवर आपल्या पद्धतीने मोहोर उठवून ताजी करीत असे. त्याच्या दृष्टीने त्या सकाळी काय घडले? त्याला न विचारता, पंचांना न बोलावता, सरकारने एक उपरी आणून थेट त्याच्या चतुःसीमेच्या मध्यभागी सोडला.

तो गुरगुरला. मी त्याला दटावले. आज मागे वळून पाहताना त्या सबंध प्रकरणात माझ्या हातून घडलेला सर्वांत मोठा अन्याय तोच वाटतो. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला पुढे समजावले की गुरगुरणे हा हल्ला नसून हल्ला टाळण्याची भाषा आहे. आठ-दहा आठवड्यांच्या पोराने किती जवळ यावे, दात किती लावावा, हे त्याला शिकवण्याचा थोरल्या कुत्र्याचा तो अधिकारच आहे, आणि ती भाषा आपण मार देऊन बंद केली की पुढच्या खेपेस तो न बोलता चावतो. म्हणजे जो अर्ज देतो आहे त्याचे तोंड दाबायचे आणि मग दंगा का झाला म्हणून चौकशी नेमायची, असा माझा कारभार! डॉक्टरांनी नंतर जे सांगितले ते आम्ही मुकाट्याने केले. पिल्लाला लस टोचली, दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवले, याच्या अंथरुणाचे फडके त्याच्याकडे आणि त्याचे याच्याकडे अशी वासांची देवघेव चार दिवस चालू दिली, आणि मग रीतसर भेट घडवली ती शेजाऱ्यांच्या बंद परसात, जेथे दोघांपैकी कोणाचीच मिरास नव्हती. साळूसाठी फळीपर्यंत चढायला एक जुनी पेटी लावून दिली, कारण उंचावर निर्वेध जागा असली की मांजराचे निम्मे भांडण मिटते. साळूचा विषय येथेच संपतो. मांजर या तत्त्वज्ञानात फारसा भाग घेत नाही.

जेवणाच्या ताटल्यांपाशी मात्र खरा वाद उभा राहिला, आणि तो कुत्र्यांत नव्हता, माझ्या मनात होता. विद्याविनयसंपन्न ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि श्वपाक यांच्या ठायी पंडित समदृष्टी ठेवतात, हे गीतेच्या पाचव्या अध्यायातले वचन लहानपणी पाठ केलेले. तेव्हा निदान एका कुत्र्यात आणि दुसऱ्या कुत्र्यात तरी भेद करू नये, या निष्ठेने मी दोन सारख्या ताटल्या, सारखी भाकरी, सारखे दूध, एकाच क्षणी जमिनीवर ठेवीत असे. परिणाम असा झाला की पिल्लू आपले टाकून खंडूच्या ताटलीत तोंड घाली, खंडू ओठ मागे घेई, आणि माझ्या समतेचा रोज दोन वेळा पंचनामा होई. डॉक्टर म्हणाले, "काका, थोरल्याला आधी वाढा, लहान्याला दूर आणि नंतर वाढा, आणि दोघांच्या ताटल्या लगेच उचला." शास्त्रीमंडळी पूर्वीपासून सांगत आली आहेत की समदर्शन निराळे आणि समवर्तन निराळे, अद्वैत भावात असावे, क्रियेत ते आणू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने ताटल्यांपाशी शांतता झाली आणि शास्त्र्यांचे म्हणणे खरे ठरले, असे म्हणून मला मोकळे होता आले असते.

पण त्याच श्लोकातल्या यादीतले शेवटचे नाव मला सुखाने मोकळे होऊ देईना. श्वपाक म्हणजे कुत्रा शिजवणारा. ज्या माणसांना हे नाव देऊन गावाबाहेर ठेवले, त्यांना पाण्यापासून दूर ठेवतानाही युक्तिवाद हाच होता, की आत्मा सर्वत्र एकच, परंतु व्यवहार वेगळा. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्या तळ्यावर गुराढोरांना कोणी अडवीत नव्हते. अडवली जात होती ती माणसे. जे समदर्शन कृतीत उतरायचे नाकारते त्याची किंमत काय असते, हे महाराष्ट्राला त्याहून स्पष्ट शब्दांत कोणी दाखवले नाही. मग खंडूला आधी वाढताना मी तोच जुना सोयीचा अद्वैतवाद चालवीत होतो काय? या प्रश्नावर मी अनेक रात्री घालवल्या, आणि जो फरक मला दिसला तो एवढाच की खंडूला मिळणारा अग्रमान पिल्लाच्या ताटलीतून काही कमी करीत नव्हता, आणि तो देण्याचे कारण खंडूची थोरवी नसून त्याचे भय होते. त्या दिवसांत दुबळा कोण होता? सांधे धरलेला, एका कानाने बहिरा झालेला, आपली जागा जाते आहे या शंकेने रात्री तीनतीनदा उठून ओटा हुंगणारा खंडूच. पिल्लू तर पोटभर खाऊन दिवसातले अठरा तास निर्धास्त झोपत होते. विषम वागणूक वरच्याची भीती शमवण्यासाठी आहे की खालच्याला खालीच ठेवण्यासाठी, हे ज्याचे त्याने तपासावे. आणि तपासणारा स्वतः ताटली वाढणारा असेल तर त्याच्या निकालावर अपील ठेवावे, इतकी सावधगिरी मी माझ्यापुरती बाळगतो.

श्रेष्ठ-कनिष्ठाची ही चर्चा प्राणिशास्त्रातही एकदा चुकीच्या वाटेने गेली होती, हे मला नंतर वाचनात आढळले. रुडॉल्फ शेंकेल या अभ्यासकाने बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या बंदिस्त लांडग्यांचे निरीक्षण करून १९४७ साली निबंध लिहिला, आणि तेथून कळपात एक दंडेलीने झालेला नायक असतो व बाकीचे त्याला दबून असतात ही समजूत रूढ झाली. कुत्र्यांना शिकवणारेही मग घरात नायक कोण हे दाखवून द्या म्हणून सांगू लागले. पुढे डेव्हिड मीच यांनी उत्तरेकडील एल्समेअर बेटावर मोकळ्या लांडग्यांसोबत अनेक उन्हाळे काढले आणि १९९९ साली लिहिले की रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पोरे. तेथला अग्रमान हा वडीलकीचा असतो, जिंकलेला नसतो. विशेष म्हणजे ती जुनी समजूत लोकप्रिय करण्यात डेव्हिड मीच यांच्याच १९७० सालच्या ग्रंथाचा मोठा वाटा होता, आणि आपलेच लेखन त्यांना पुसून काढावे लागले. परस्परांना अनोळखी प्राणी एका कुंपणात कोंडले की जे दिसते तो त्यांचा स्वभाव नसून त्यांची अडचण असते. अनोळखी जिवांना एका छपराखाली आणणारे आपण, आणि त्यांना मत्सराचा दोष लावणारेही आपणच.

मत्सर हा शब्द तरी त्यांना लावावा का? आपल्या भाषेने या बाबतीत एक गंमत करून ठेवली आहे. वेदान्तात ममता हा बंध आहे, 'माझे' म्हणण्याचा रोग. मराठीत तोच शब्द आईच्या प्रेमाला वापरतात. वेदान्तात माया म्हणजे जिने जीव भुलतो ती. आमच्या घरांतून माया लावतात, आणि ज्याला लावली नाही ते मूल हिरमुसते. परमार्थाच्या दप्तरात जो दोष, तोच संसाराच्या दप्तरात गुण, अशी ही दुहेरी नोंद आहे. खंडूला ममता होती म्हणूनच तो गुरगुरला. ती नसती तर तो अकरा वर्षे दाराशी पडला नसता. शिंप्यांच्या बोलीत मायेचा आणखी एक अर्थ आहे. अंग वाढले तर उसवून घेता यावे म्हणून शिवणीच्या आत जे जास्तीचे कापड राखून ठेवतात त्यालाही माया म्हणतात, आणि कसबी शिंपी मुलाच्या अंगरख्याला ती सोडतोच. आमच्या घराच्या शिवणीत ती उरली होती की नाही, हे न पाहता मी त्या सकाळी पिल्लाला आत घेतले होते.

माघ संपता संपता पिल्लू खंडूच्या मागे कुंपणाची फेरी करू लागले, आणि फाल्गुनातल्या एका रात्री पाणी प्यायला उठलो असता पाहिले तर ते त्याच्या गोणपाटाच्या अगदी मध्यावर पसरले होते, आणि खंडू उंबऱ्याशी उघड्या फरशीवर. माझ्यासमोर शेकडो खातेदारांनी आपली जमीन मुलाच्या, भावाच्या, पुतण्याच्या नावे करून दिली, प्रत्येकाला मी "राजीखुशीने देता ना?" असे विचारले, प्रत्येकाने मान हलवली आणि मी तसा जबाब लिहून घेतला. त्यांतले किती जण खरोखर देत होते आणि किती जण नुसते सोडत होते, हे त्या मानेवरून मला एकदाही कळले नाही, आणि खंडूने तर माझ्याकडे पाहून शेपटीचे टोक तेवढे दोनदा फरशीवर आपटले. दुसऱ्या दिवशी मी वाण्याकडून नवे गोणपाट आणून जुन्याच्या शेजारी अंथरले. पिल्लू जुने सोडीना, खंडू उंबरा सोडीना. नव्यावर संध्याकाळपर्यंत साळू झोपली होती.