मनोऱ्यावरचा तांबडा दिवा

दिवाळीच्या आधी चार दिवस आमच्या घरात एक वाद ठरलेला असतो. आकाशकंदील कुठे टांगायचा, हा तो वाद. पत्नीचे म्हणणे, तो रस्त्याकडच्या गॅलरीत हवा. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसला पाहिजे. मुलाचे म्हणणे, तो खाडीकडच्या खिडकीत हवा. कशेळीच्या पुलावरून येताना आपले घर लांबूनच ओळखता येईल. मी पडलो शाळामास्तर. दोन्ही बाजू नीट ऐकून घेण्यात माझा वेळ जातो, आणि तेवढ्यात पत्नी कंदील गॅलरीत टांगून मोकळी होते.

गेल्या वर्षी कंदील टांगून झाला, तेव्हा मुलगा खाली अंगणात उभा होता. कंदिलाकडे त्याचे लक्षच नव्हते. तो त्याच्याही वर पाहत होता.

"बाबा, आपल्या इमारतीचा सगळ्यांत उंच दिवा लागलेलाच नाही."

मी मान वर केली. आमच्या चार मजली जुन्या इमारतीच्या गच्चीवर मोबाइलचा मनोरा आहे. त्याच्या शेंड्यावर एक तांबडा दिवा असतो. रात्री चुकून एखादे विमान वा हेलिकॉप्टर खालून आले, तर त्याला कळावे की येथे अडथळा आहे, एवढ्यासाठीच तो दिवा. त्या जागी नुसता अंधार होता.

"तो आपला नाही रे," मी म्हणालो. "तो कंपनीचा."

हे वाक्य मी किती सहज बोलून गेलो! त्या मनोऱ्याच्या भाड्यातून आमच्या जिन्याची झाडलोट होते, पंपाचे वीजबिल भरले जाते. भाडे येते तेव्हा मनोरा आमचा असतो. दिवा जातो तेव्हा तो कंपनीचा होतो.

मी सोसायटीचा चिटणीस. हे पद आमच्याकडे ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या गळ्यात पडते. दुसऱ्या दिवशी मी गच्चीवर जाऊन मनोऱ्याच्या पायथ्याची पाटी वाचली. तिच्यावरच्या क्रमांकावर फोन केला. पलीकडचा माणूस अत्यंत नम्र होता. त्याने सांगितले की, हे मनोरे त्यांनी केव्हाच दुसऱ्या कंपनीला दिले. दुसऱ्या कंपनीतल्या बाईही तितक्याच नम्र. त्यांनी सांगितले की, देखभालीचे काम तिसऱ्याच कुणाकडे आहे. तिसऱ्याने माझे नाव, पत्ता, सोसायटीचा नोंदणी क्रमांक, सारे विचारून घेतले आणि शेवटी म्हटले, "साहेब, तुमची ही जागा आमच्या यादीत दिसत नाही."

मी गच्चीवरच उभा होतो. माझ्या डोक्यावर तो चांगला लोखंडी, भरभक्कम मनोरा उभा होता. आणि तो कुणाचाच नव्हता!

मी मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. लहान मुलांकडून अक्षरे गिरवून घेतो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. यंत्रातले मला काही कळत नाही. पण एखादी गोष्ट मनात सलू लागली की तिच्याविषयी मिळेल ते वाचायची खोड आहे. वाचता वाचता कळले की, या एका दिव्याभोवती साऱ्या जगाने केवढा कायदा उभा केला आहे. अमेरिकेत दोनशे फुटांहून उंच मनोरा उभारायचा, तर मालकाला सरकारदरबारी त्याची नोंद करावी लागते. नोंदीचा क्रमांक मनोऱ्याच्या पायथ्याशी, येणाऱ्याला दिसेल असा लावावा लागतो. मालक बदलला, तर तेही कळवावे लागते. दिव्यांची पाहणी चोवीस तासांतून निदान एकदा करायची, नाहीतर दिवा जाताच आपोआप सूचना देणारे यंत्र बसवायचे. शेंड्यावरचा दिवा गेला आणि अर्ध्या तासात दुरुस्त झाला नाही, तर ताबडतोब विमानखात्याला वर्दी द्यायची, म्हणजे वैमानिकांना आधी सावध करता येते. यात हयगय केली तर दंड. दिव्याच्या हयगयीला मूळ दंड १०,००० डॉलर, आणि आवश्यक तो कागद दाखल न केल्यास ३,००० डॉलर. आपल्याकडेही विमानतळाच्या परिसरात उंच बांधकाम करायचे, तर भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते.

हे सारे मी मोठ्या उत्साहाने सोसायटीच्या बैठकीत सांगितले. आमच्याकडे एक अण्णा आहेत. जन्मभर हिशेबनीस म्हणून काम केलेला माणूस. त्यांना आकड्याखेरीज दुसऱ्या कशाचे भय नाही. ते शांतपणे म्हणाले,

"मास्तर, दिवा किती दिवस बंद आहे?"

"कुणास ठाऊक. महिना झाला असेल."

"महिन्यात कुठलं विमान आपटलं?"

सगळे हसले.

"भोवती तीस-तीस मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत. त्यांना चुकवून आपल्या चार मजल्यांवर कोण येणार आहे? कुणाचं काही बिघडलं नाही, कुणाचा केस वाकडा झाला नाही, आणि दंड म्हणे दहा हजार डॉलर! ज्याचं नुकसान झालं त्याला भरपाई द्या, हे मला समजतं. पण ज्याचं काहीच झालं नाही, त्याच्याकरता शिक्षा? हा न्याय झाला की सरकारी वसुली?"

अण्णांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, आणि त्यांनी तो चेष्टेने विचारलाही नव्हता. आपण सगळेच रोजच्या व्यवहारात अण्णांच्याच हिशेबाने चालतो. सिग्नल तोडला, पण कुणाला धक्का लागला नाही. मग पोलिसाने पावती फाडली की आपल्याला अन्याय झाल्यासारखे वाटते. नुकसान नाही तर अपराध नाही, हे आपल्या मनाचे पक्के गणित आहे. मला बैठकीत उत्तर सुचले नाही. पण घरी येताना जिन्याच्या दुसऱ्या वळणावर माझे पाऊल थबकले, आणि जे उत्तर मी दोन वर्षे टाळीत होतो, ते समोर येऊन उभे राहिले.

त्या वळणावर एक बल्ब आहे. दोन वर्षांपूर्वी तो गेला. गेला हे मला पहिल्याच रात्री कळले, कारण शिकवणीहून परतताना मी स्वतःच चाचपडलो होतो. उद्या आणू, असे म्हटले. दुसऱ्या दिवशी वाटले, कुणीतरी आणलाच असेल. तिसऱ्या दिवशी वाटले, प्रत्येक वेळी मीच का? असे अकरा दिवस गेले. अकरा दिवस त्या अंधारातून सारी इमारत चढली, उतरली. मुले उड्या मारीत गेली. कुणाला काही झाले नाही. बाराव्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या आजी दळणाचा डबा घेऊन उतरताना पडल्या. खुबा मोडला.

मी दवाखान्यात भेटायला गेलो. आजींनी मला लहानपणापासून पाहिलेले. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी नुसते विचारले, "मास्तर, दिवा गेल्याचं तुला कळलं होतं ना रे?"

मी होय म्हणालो. त्या पुढे काही बोलल्या नाहीत. त्यानंतर त्या जिना उतरल्या त्या चौघांच्या आधाराने, आणि फार काळ राहिल्या नाहीत.

आता अण्णांच्या हिशेबाने पाहू. अकराव्या दिवसाच्या रात्रीपर्यंत कुणाचे काही बिघडले नव्हते. म्हणजे तोवर मी निर्दोष होतो. बाराव्या दिवशी मी दोषी झालो. पण बाराव्या दिवशी मी वेगळे असे काय केले? काहीच नाही. जे पहिल्या दिवशी केले नव्हते, तेच बाराव्या दिवशीही केले नाही. माझी चूक पहिल्या रात्रीच पूर्ण झाली होती. बाराव्या दिवशी फक्त तिची किंमत कळली, आणि तीही दुसऱ्याने चुकती केली. मधले अकरा दिवस मी ज्याला निर्दोषपणा समजत होतो, ते नुसते नशीब होते. आपल्या नशिबाला आपण पुण्याई म्हणतो, ही आपली जुनी खोड आहे.

दिव्याच्या हयगयीचा दंड त्या पहिल्या रात्रीचा असतो, हे मला तेव्हा उमगले. अपघात होईपर्यंत थांबून मग वसूल केलेला दंड म्हणजे भरपाई, आणि मोडलेल्या खुब्याची भरपाई कुठल्या चलनात होते?

रायगड जिल्ह्यात थळच्या समुद्रात खांदेरीच्या बेटावर १८६७ साली दीपगृह उभे राहिले. मुंबईत कुलाब्याच्या टोकाला खडकावर प्राँग्ज दीपगृह झाले ते १८७५ साली. त्यांचा दिवा सांभाळणाऱ्या माणसांचा मी पुष्कळदा विचार करतो. कितीतरी रात्री अशा गेल्या असतील की, जवळून एकही गलबत गेले नसेल. मग त्या रात्रीचे तेल फुकट गेले काय? कोणती रात्र फुकटची आणि कोणती कामाची, हे आधी कळत नाही, म्हणूनच रोज दिवा लावायचा असतो. घरातला दिवा आपल्या माणसांसाठी असतो. दीपगृहाचा आणि मनोऱ्याचा दिवा ज्याचे तोंड आपण कधी पाहणार नाही, अशा माणसासाठी असतो. तो सुखरूप निघून गेला, तर आपल्याला ते कळणारही नाही. जगातली सर्वांत मोठी सेवा बहुधा अशीच असते. तिची पावती कधी येत नाही.

आणि नाव? नुसत्या मालकीच्या कागदाला एवढे महत्त्व कशाला, असे अण्णाच काय, मलाही वाटले होते. त्याच दिवाळीच्या आवराआवरीत वडिलांच्या ट्रंकेत रेडिओच्या परवान्याची जुनी पुस्तिका सापडली. आजच्या मुलांना खरे वाटणार नाही, पण एके काळी घरात रेडिओ ठेवायला परवाना लागे. पोस्टात वर्षाचे शुल्क भरून त्यावर शिक्का घ्यावा लागे. त्या पुस्तिकेत वडिलांचे नाव, पत्ता, सारे सुवाच्य अक्षरात होते. फळीवर बसून गाणी म्हणणारे ते बिचारे यंत्र! त्याच्यापासून कुणाला कसला धोका? तरी त्याचा धनी कोण, हे सरकारला ठाऊक होते. आणि माझ्या डोक्यावरच्या लोखंडाचा धनी मला तीन फोन करूनही सापडला नाही.

धनी न सापडणे म्हणजे काय, हे आपण १३ मे २०२४ रोजी पाहिले आहे. त्या दिवशी वादळी वाऱ्यात घाटकोपरला एक अजस्र जाहिरातफलक पेट्रोलपंपावर कोसळला. सतरा माणसे गेली. पालिकेची मर्यादा चाळीस फूट बाय चाळीस फुटांची. हा फलक एकशेवीस फूट बाय एकशेवीस फुटांचा. जागा रेल्वे पोलिसांची. मग परवानगी कुणाची, जबाबदारी कुणाची, याचा शोध प्रेते उचलल्यावर सुरू झाला. फलक उभा असताना तो सगळ्यांना दिसत होता. त्याच्याखालची जबाबदारी मात्र कुणालाच दिसत नव्हती.

आपण नाव लावण्यात मागे आहोत, असे मुळीच नाही. देवळातल्या पंख्याच्या तिन्ही पात्यांवर देणगीदाराचे नाव असते. पायरीच्या फरशीवर असते. बसथांब्याच्या बाकावर असते. जेथे श्रेय मिळते, तेथे आपण नाव कोरतो. जेथे जाब विचारला जाईल, तेथली पाटी मात्र कोरी ठेवतो. मालकीची नोंद म्हणजे जाब विचारणाऱ्यासाठी लावलेली पाटी. दिवा अंधारात वैमानिकाला वाट दाखवतो. नाव, दिवा गेला तर कुणाचे दार ठोठवायचे ते दाखवते. एकाशिवाय दुसरा फार दिवस जळत नाही.

दंडाने सारे सुधारते, असा माझा भाबडा समज नाही. मोठ्या धन्याला दंड म्हणजे खर्चाच्या वहीतली आणखी एक ओळ. आपल्या महानगरपालिकांच्या कायद्यात बेकायदा बांधकामावर मालमत्ता कराच्या दुपटीपर्यंत शास्ती लावता येते. पण त्याच कायद्यात म्हटले आहे की, शास्ती भरली म्हणून ते बांधकाम कायदेशीर ठरत नाही. ते वाचून मला फार बरे वाटले. एवढी नीतीची गोष्ट कायद्याच्या पुस्तकात भेटेल, अशी कल्पना नव्हती. पैसे भरून चूक विकत घेता येत नाही. दंड फक्त आठवण देतो; दिवा शेवटी कुणातरी माणसालाच लावावा लागतो.

पुढच्या बैठकीत मी आजींची गोष्ट सांगितली. बल्ब गेल्याचे मला पहिल्या रात्रीच ठाऊक होते, हेही प्रथमच सर्वांसमोर सांगितले. कुणी काही बोलले नाही. थोड्या वेळाने अण्णाच म्हणाले, "लिहा पत्र. चिटणीस म्हणून तुम्ही सही करा, खाली मीही करतो." तिन्ही कंपन्यांना, महानगरपालिकेला आणि दूरसंचार खात्याला पत्रे गेली. खाली आमची नावे होती, पत्ते होते. दोन महिन्यांनी एक तरुण दोर खांद्याला अडकवून आला, वर चढला, आणि दिवा लागला. पायथ्याला नवी पाटीही आली.

त्यानंतर आमच्या जिन्याखाली एक वही टांगलेली आहे. रोज रात्री एका घराने वर पाहायचे आणि वहीत सही करायची. चारसहा सह्या चुकलेल्या आहेत. त्यांतली एक माझी आहे. अण्णांची एकही चुकलेली नाही.

यंदा धनत्रयोदशीला पत्नीने दाराबाहेर दक्षिणेकडे तोंड करून कणकेचा दिवा ठेवला. यमाला दिवा दाखवायचा, म्हणजे अपमृत्यू टळतो, असे आपण मानतो. मुलगा म्हणाला, "बाबा, आज पाळी आपली." आम्ही दोघे अंगणात उतरलो. खाली पणतीएवढा तो दिवा होता. वर, साऱ्या कंदिलांच्याही वर, तो तांबडा ठिपका होता. खाडीकडून वारा येत होता. आकाशात काहीच नव्हते.

मी वहीत सही केली.