मुरू द्या

आमच्या पुतण्याने एका शनिवारी संध्याकाळी माझ्यापुढे बिअरची बाटली ठेवली आणि म्हणाला, "काका, खरं सांगा हं!"

माणसाला अडचणीत टाकणारी जी वाक्यं मराठी भाषेत आहेत, त्यांत या वाक्याचा नंबर फार वरचा लागेल. 'खरं सांगा' म्हणणाऱ्याला खरं नको असतं, हे नुकतंच लग्न झालेल्या माणसालाही ठाऊक असतं. माझ्या लग्नाला तर एकवीस वर्षं झाली. त्यामुळे मी बाटलीकडे पाहिलं, तिच्यातल्या काळ्या द्रवाकडे पाहिलं आणि "रंग छान आहे" एवढंच म्हणालो.

आता जागा कोणती, तेही सांगायला हवं. आमचं पाचाड म्हणजे रायगडाच्या पायथ्याचं गाव. इथे जिजाऊंच्या वाड्याचे अवशेष आहेत, त्यांची समाधी आहे. राज्याभिषेकानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, 17 जून 1674 ला, त्या इथेच गेल्या. अशा गावात बाटलीचं बूच काढायचं म्हणजे हात आपोआप थरथरतो. मी आधी मागच्या परसात खुर्च्या नेल्या, मग गडाकडे पाठ होईल अशा फिरवल्या, आणि मग पुतण्याला विचारलं, "परवाना आहे ना?" आपल्या राज्यात 1949 च्या कायद्याप्रमाणे प्यायलासुद्धा परवाना लागतो. शेकडा नव्वद पिणाऱ्यांनी तो पाहिलेलाही नसतो, असा माझा अंदाज आहे. पण बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला कागद पाहिल्याशिवाय घोट उतरत नाही.

विनू सूक्ष्मजीवशास्त्र शिकला. त्याच्या वडिलांना वाटलं, मुलगा लशी शोधणार. तो पुण्याला गेला आणि बिअर बनवू लागला. पुण्यात 2009 साली डूलाली निघाली आणि जागच्या जागी बिअर बनवून विकणाऱ्यांची एक जातच तिथे तयार झाली. अशाच एका ठिकाणी (नाव कशाला घ्या) विनू कामाला आहे. तिथल्या मालकांच्या डोक्यात दोन वर्षांपूर्वी आलं की आपण पिंपात मुरवलेली बिअर काढावी.

ही पिंपं अमेरिकेतून येतात. बर्बन नावाची व्हिस्की तिकडच्या कायद्याप्रमाणे नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते. म्हणजे एकदा वापरलं की पिंप बर्बनवाल्याला निरुपयोगी. मग ते दुसरे लोक विकत घेतात. आमच्याकडे एकाच्या बारशाची झबली चार घरं फिरतात, त्यातलाच प्रकार. पिंप साधारण दोनशे लिटरचं. त्यात कडक काळी बिअर भरायची, बूच मारायचं आणि महिनोन्‌महिने गप्प बसायचं. लाकूड आपली चव देतं. शिवाय लाकडातून थोडीथोडी बिअर उडून जाते, तिला तिकडे 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. आमच्याकडे त्यालाच बुडीत खातं म्हणतात. देवदूतांच्या नावावर ते टाकायची सोय मात्र रिझर्व्ह बँकेने अजून केलेली नाही.

विनूच्या मालकांनी अशी दोन पिंपं घेतली. एकाच दिवशी, एकाच व्यापाऱ्याकडून. एकाच टाकीतली बिअर दोन्हीत भरली आणि शेजारीशेजारी ठेवली. पहिल्या पिंपातली बिअर विनूने दिवाळीत आणली होती. मी काही या विषयातला दर्दी नाही, पण काकवी तळाला लागते तेव्हाचा वास, कडू कॉफी आणि पहिल्या पावसात भिजलेल्या वाशाचा वास असं काहीतरी एकदम आलं आणि मी चक्क दुसरा ग्लास मागितला. पुण्यात हा 330 मिलीचा ग्लास साडेसहाशे रुपयांना विकला गेला. आठवड्यात पिंप रिकामं.

शनिवारी आणलेली होती ती दुसऱ्या पिंपातली.

पहिला घोट घेतला आणि मला आमच्या जुन्या गोठ्यात टांगलेली घोंगडी आठवली. घोंगडीमागून आंबट कळ आली, ती थेट कानाच्या पाळीपर्यंत. मी विनूकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहत होता. मला वाटलं, आपलीच जीभ अडाणी असेल. साडेसहाशे रुपयांच्या वस्तूत दोष काढायचा म्हणजे आधी स्वतःत दोष शोधावा लागतो. पाच रुपयांचा वडा खवट लागला तर आपण वडेवाल्याला दहा माणसांदेखत बोलतो. महाग वस्तू खवट लागली तर मात्र आपण पुन्हा एक घोट घेतो, डोळे मिटतो आणि म्हणतो, "वेगळीच आहे नाही?"

मी तेच म्हणालो. "वेगळीच आहे."

"काका, बिघडली आहे," विनू म्हणाला.

मला हायसं वाटलं. मग त्याने सगळं सांगितलं. पोलादाची टाकी उकळत्या पाण्याने आणि रसायनांनी धुता येते. लाकडाच्या छिद्रांत मात्र जे जीव दडून बसतात ते हलत नाहीत. त्यातून थोडी हवाही आत जाते आणि आंबवणाऱ्या मंडळींचं फावतं. दोन पिंपं कधी सारखी निघत नाहीत. मोठे कारखानदार शंभर-शंभर पिंपं ठेवतात, चाखतात, खराब असतील ती ओतून देतात आणि उरलेली मिसळून चव सारखी करतात. ज्याच्याकडे दोनच पिंपं आहेत त्याने कशात काय मिसळायचं?

आणि मोठ्यांचंही चुकतंच. शिकागोच्या गूस आयलंड कंपनीची बर्बन पिंपातली बिअर प्रसिद्ध. तिची 2015 सालची काही बिअर बाजारात गेल्यावर आंबली. लॅक्टोबॅसिलस कुळातला एक जीवाणू शिरला होता, म्हणजे आपल्या दह्यातल्या मंडळींच्या भावकीतलाच. भावकीतला माणूस कुठे शिरून काय नासवील ते सांगता येत नाही, याचा अनुभव आपल्या पंचक्रोशीत कोर्टाची पायरी चढलेल्या प्रत्येकाला आहे. कंपनीने 2016 मध्ये ते जाहीर सांगितलं, लोकांचे पैसे परत केले आणि पुढच्या बिअरचं पाश्चरायझेशन सुरू केलं.

"मग तुम्हीही ओतून द्या," मी म्हणालो. दुसऱ्याचं नुकसान सुचवायला आपल्याला वेळ लागत नाही.

"मालक म्हणतात, हिला 'रानटी' असं नाव देऊ आणि साडेसातशेला विकू."

इथे खरा प्रश्न होता. त्या पिंपात एकशे ऐंशी लिटर बिअर उरली होती. मी मनातल्या मनात हिशेब केला (वाणिज्य शाखेचा तेवढाच उपयोग राहिला आहे). 545 ग्लास, साडेसहाशेने धरले तरी तीन लाख चोपन्न हजार अडीचशे. ते गटारात ओतायचे. आणि विनूने 'बिघडली' असं लेखी द्यायचं की 'रानटी' म्हणून सही करायची, हे मालकांनी त्याच्यावर सोडलं होतं. मालक लोक असे प्रश्न नेहमी नोकरावर सोडतात.

विनूचं म्हणणंही टाकाऊ नव्हतं. तो म्हणाला, "काका, हा गोठ्याचा वास ज्या यीस्टमुळे येतो ना, ती 1904 मध्ये क्लाउसेन नावाच्या माणसाने कोपनहेगनच्या कार्ल्सबर्गमध्ये वेगळी दाखवली. कुठे सापडली माहीत आहे? इंग्लंडच्या उत्तम मुरलेल्या बिअरमध्ये. तिच्यामुळेच त्या बिअरला तिची चव येते असं त्याचं म्हणणं. तिचं नावच मुळी 'ब्रिटिश बुरशी' या अर्थाचं आहे. बेल्जियममध्ये आजही लोक याच वासासाठी पैसे मोजतात. मग दोष कुठला आणि गुण कुठला? प्यायला येणाऱ्या दहांतल्या चौघांना ही खरंच आवडेल. ज्याला आवडली, त्याची फसवणूक झाली का?"

मी वीस वर्षं अशा संस्थेत आहे, जिथे गल्ल्यात दहा रुपये कमी आले तर रात्री आठपर्यंत बसावं लागतं. तिथे मॅनेजरसाहेबांना 'प्रत्येक दिवसाचा गल्ला आपापला स्वभाव घेऊन येतो' असं सांगून पाहा. पण म्हणून जगात सगळं गल्ल्यासारखं जुळलं पाहिजे असं थोडंच आहे? एकाच आंब्याच्या दोन फांद्यांना वेगळ्या गोडीची फळं लागतात. आमच्या आईचं लोणचं दोन वर्षं सारखं झालेलं मला आठवत नाही.

तेवढ्यात आईच परसात आली. तिने ग्लासाचा वास घेतला आणि "आंबलंय" म्हणून निकाल दिला. मला वाटलं, आता ही जुन्या काळच्या सचोटीविषयी दोन शब्द सांगेल. पण ती खाली बसत म्हणाली, "आमच्या वेळी बिघडलं की आम्ही 'मुरतंय' म्हणायचो. एक साल लोणचं पार मऊ झालं होतं. ते सगळं तुझ्या आत्याकडे धाडलं. निरोप दिला, यंदा मुद्दाम मऊ केलंय, तुमच्या दातांसाठी." आत्या अजून त्या लोणच्याची आठवण काढते. तिला फारच आवडलं होतं.

म्हणजे विनूचा मुद्दा आणखी पक्का झाला.

तरी माझं मन घेईना. आमच्या वाड्यात एक विहीर आहे, तक्क्याची विहीर. तिच्या काठाला तक्क्यासारखा घडवलेला दगड आहे. महाराज तिथे टेकून बसत आणि गडावर दूधदही विकायला जाणाऱ्या बायांना चौकशी करत, काय विकलं, कितीला विकलं, असं गावात सांगतात. चित्त दरवाजाच्या वाटेवर आजही बाया ताक विकतात. एकदा उन्हाळ्यात मी पाहुण्यांना घेऊन चढत होतो. एकीकडे ताक मागितलं, तर ती पेला भरायच्या आधी म्हणाली, "भाऊ, आज आंबट झालंय. चालंल का?" आम्ही प्यायलो. आंबट होतं. पण कुरकुर कोणी केली नाही, करणार कशी? तिने कुरकुर आधीच स्वतः करून टाकली होती.

हे मी विनूला सांगितलं. म्हटलं, "बेल्जियमवाला ती यीस्ट बोलावून आणतो. तुझ्याकडे ती न बोलावता आली. पिंप चांगलं निघालं असतं तर तुम्ही 'रानटी' म्हणाला असतात का? पोर व्हायच्या आधी नाव ठरवतात ते ठीक. भांडं फुटल्यावर त्याला नाव देणं म्हणजे सारवासारव. साडेसातशे मोजणाऱ्याला हे आधी कळलं पाहिजे, घोट घेतल्यावर नव्हे."

माझं मलाच बरं वाटलं. क्लार्कला असं बोलायची संधी वर्षातून एखाददुसरी मिळते. विनू मान हलवत होता. आणि मग त्याने सहज विचारलं, "काका, तुमच्या बँकेत आधी सांगतात?"

आमच्या पंचक्रोशीत एक गृहस्थ आहेत. त्यांना आपण आबा म्हणू. मुंबईत गिरणीत होते. चार वर्षांपूर्वी ते पन्नास हजार रुपये घेऊन मुदत ठेव करायला आले. मार्चचा महिना होता. आम्हांला विम्याच्या पॉलिसींचा आकडा पुरा करायचा होता. मी त्यांच्या नातवाच्या नावाने पॉलिसी घ्यायला लावली. हप्ता दरवर्षी भरायचा असतो, हे मी बोललो होतो. अगदी शपथेवर सांगतो, बोललो होतो. पण किती आवाजात बोललो, आणि तेव्हा त्यांना सही कुठे करायची ते बोटाने दाखवत होतो की नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. पुढच्या वर्षी ते व्याज विचारायला आले. पॉलिसी परत करायची मुदत केव्हाच गेली होती. मी म्हणालो, "आबा, ही दीर्घ मुदतीची योजना आहे. मुरू द्या."

हाच शब्द. आईने लोणच्याला वापरला, तोच.

विनूला मी यातलं काही सांगितलं नाही. "बँकेचं वेगळं असतं," असं म्हणालो आणि ग्लास खाली ठेवला.

उरलेली अर्धी बाटली आमच्या सौ.ने सकाळी बंब घासायला घेतली. चिंच संपली होती. तांब्याचा तो जुना बंब असा लखलखला, की साडेसातशे रुपये भावाची वस्तू अगदीच वाया गेली असं म्हणवेना.

पंधरा दिवसांनी विनूचा फोन आला. त्याने लेखी 'बिघडली' असंच दिलं. मालक दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं: दुसरं पिंप आंबलं आहे, आधी फुकट चाखा, आवडलं तर अडीचशे. निम्मं पिंप गेलं, निम्मं ओतलं. विनूची पगारवाढ यंदा झाली नाही. तिसरं पिंप आणायचं की नाही, यावर अजून विचार चालू आहे.

सोमवारी पाचाडच्या थांब्यावर महाडची एस.टी. धरायला उभा होतो. आबाही होते, औषध आणायला निघालेले. गाडीत मी त्यांच्याशेजारी बसलो. एरवी मी मागच्या बाकावर जातो. कोंझर मागे पडेपर्यंत आम्ही पावसाविषयी बोललो.

मग मी म्हणालो, "आबा, ते पॉलिसीचे कागद घेऊन एकदा या. बंद केली तर किती परत मिळेल ते मी काढून ठेवतो. कमी मिळेल. त्यातलं एक मी तेव्हा नीट सांगितलं नव्हतं."

ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "मला तेव्हाच वाटलं होतं. तू माझ्याकडं बघत नव्हतास."

आणि त्यांनी माझंही तिकीट काढलं. मी नको म्हणत होतो.