तळहातांवर कोरलेले
शास्त्रभाग : यशया ४९:१४-१६



कोलंबियाचे कादंबरीकार गॅब्रिएल गार्सिया मार्केझ यांना १९८२ साली साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रेम, स्मृती, मरण व लेखन यांविषयीची त्यांची वचने जगभर आवडीने सांगितली जातात. माणसाचे आयुष्य त्याच्या स्मरणात आणि कथनात साठलेले असते, हा विचार त्यांनी २००२ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राच्या आरंभी मांडला. विचार मनोहर आहे. परंतु स्मरणच हरपले, तर त्या माणसाचे काय उरते?

त्यांच्याच ‘वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड’ (१९६७) या कादंबरीत माकोंदो गावावर निद्रानाशाची साथ येते आणि तिच्यामागून विस्मरण येते. लोक प्रत्येक वस्तूवर तिचे नाव लिहितात. गाईच्या गळ्यातही ती कोण आणि तिचे दूध का काढावे याची पाटी अडकवतात. भर रस्त्यावर देवाच्या अस्तित्वाची आठवण देणारी पाटी लागते. परंतु अक्षरांचाच अर्थ विसरला, तर पाट्यांचा काय उपयोग?

इस्राएलासही परमेश्वराने आपली वचने दारांच्या चौकटींवर लिहिण्यास सांगितले (अनुवाद ६:९). लेखन हा स्मरणाचा मोठा आधार आहे. शास्त्राच्या भाषांतरात आयुष्य वेचणाऱ्यास त्याचे मोल ठाऊक असते. तथापि वाचणाऱ्याचे मनच मावळू लागले, म्हणजे तो आधारही अपुरा पडतो.

मार्केझ यांच्यावर तीच वेळ आली. त्यांना स्मृतिभ्रंश झाल्याचे त्यांच्या भावाने २०१२ साली जाहीरपणे सांगितले. १९५८ साली ज्यांच्याशी विवाह झाला, त्या पत्नीही त्यांना कधी कधी अनोळखी वाटत, असे त्यांच्या पुत्राने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींवरून कळते. १७ एप्रिल २०१४ रोजी, पवित्र गुरुवारी, मेक्सिको सिटीत त्यांचे निधन झाले.

हे दुःख आपल्या मंडळ्यांतही आहे. जन्मभर रविवारच्या शाळेत शिकवलेली आई पोटच्या मुलीला ओळखत नाही. प्रभूची प्रार्थना म्हणता म्हणता अर्ध्यावर थांबते. मग लेकरांच्या मनाला एक भय ग्रासते : आईला प्रभूच आठवत नसेल, तर तिच्या विश्वासाचे काय?

यशयाचे उत्तर ऐका. आपल्याला परमेश्वर विसरला, असे सीयोन म्हणते. तेव्हा देव सांगतो की, आईला तान्ह्याचा विसर पडणे एक वेळ शक्य आहे, त्याला मात्र आपल्या लोकांचा विसर पडणार नाही. त्याने सीयोनेला आपल्या तळहातांवर कोरले आहे. शाई पुसट होते, कोरलेले राहते.

‘स्मरण करणे’ यासाठी इब्री भाषेत ‘जाखर’ हे क्रियापद आहे. देवाच्या बाबतीत त्यात कृतीही आली. देवाने नोहाची आठवण केली आणि वारा वाहवला. पाणी ओसरू लागले (उत्पत्ती ८:१). वधस्तंभावरील अपराध्यानेही येशूजवळ केवळ आपली आठवण ठेवण्याची विनंती केली (लूक २३:४२). उत्तरादाखल त्याला त्याच दिवशी सुखलोकात प्रभूचा सहवास मिळाला.

शिष्य त्याच रात्री पांगतील हे ठाऊक असूनही प्रभूने त्यांच्या हाती भाकर दिली आणि तिच्याशी आपले स्मरण जोडले. आपले तारण आपल्या स्मरणशक्तीच्या बळावर उभे नाही. आपण देवाला ओळखतो, त्याआधी त्याने आपल्याला ओळखले आहे (गलती ४:९).

म्हणून अशा वृद्धांच्या खाटेजवळ बसा. त्यांच्या नावाने त्यांना हाक मारा, जुनी गीते गा, पाळकांस सांगून प्रभुभोजन घरी आणवा. त्यांची प्रार्थना अडखळेल तेथून ती तुम्ही पुढे न्या. मंडळी याचसाठी आहे.

हे प्रभू, ज्यांना तुझे नाव आठवत नाही त्यांची तू आठवण कर; आणि त्यांची सेवा करणाऱ्या थकल्या हातांना बळ दे. आमेन.