औषध घेणं हा अविश्वास आहे का?

प्रार्थनासभेत कुणी साक्ष द्यायला उभं राहतं आणि सांगतं, गोळ्या बंद केल्या, प्रभूने बरं केलं. सभा हालेलुयाच्या गजराने भरून जाते. त्याच सभेत मागच्या रांगेत इन्सुलिनवर जगणारी एखादी बाई बसलेली असते. तिच्या मनात येतं ते वेगळंच: मी अजून सुई टोचून घेते, म्हणजे माझा विश्वास कमी पडतो. आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांत हा प्रश्न उघडपणे क्वचित विचारला जातो, पण मनात तो घर करून असतो. त्याचं उत्तर मी स्पष्टच देतो. औषध घेणं अविश्वासाचं लक्षण आहे, ही शिकवण पवित्र शास्त्राला धरून नाही, आणि ती आजारी माणसावर मोठा अन्याय करते.

हिज्कीया राजाची हकीकत घ्या. राजा मरणाला टेकलेला, भिंतीकडे तोंड करून रडत प्रार्थना करणारा. यशया संदेष्टा राजवाड्यातून पुरता बाहेरही पडलेला नसतो, तोच त्याला माघारी फिरून सांगण्याची आज्ञा होते की, देवाने प्रार्थना ऐकली, आयुष्याची आणखी 15 वर्षं दिली. गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण लगेच यशया अंजिरं आणायला लावतो आणि राजाच्या गळवावर त्यांचा लेप बांधला जातो. देवाचं वचन मिळाल्यावरही उपचार झाला, आणि तो सांगणारा वचन आणणारा संदेष्टाच होता. नव्या करारातही हेच दिसतं. ज्या पौलाने मेलिता बेटावर पुब्ल्याच्या बापाचा ताप आणि आमांश प्रार्थना करून बरा केला, तोच पौल आपला सोबती त्रफिम याला मिलेतात आजारी सोडून पुढे जातो आणि तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. तीमथ्याच्या विश्वासाबद्दल तो शंका घेत नाही. पौलाच्या प्रवासातला सोबती लूक तर पेशाने वैद्यच. आणि स्वतः येशूने दहा कुष्ठरोग्यांना याजकाकडे जाऊन दाखवा असं सांगितलं. लेवीयच्या नियमांनुसार कातडीवरचा चट्टा तपासून माणूस शुद्ध की अशुद्ध हे ठरवणं याजकाचं काम होतं. चमत्कार करणाऱ्यानेच त्या तपासणीला पाठवलं, हे ‘आता डॉक्टरला दाखवायचं नाही’ म्हणणाऱ्यांनी जरूर लक्षात घ्यावं.

यावर दोन वचनं पुढे केली जातात. पहिलं आसा राजाचं: पायाच्या दुखण्यात तो परमेश्वराऐवजी वैद्यांकडे गेला, असा दोष इतिहासाच्या दुसऱ्या ग्रंथात त्याला लावला आहे. पण तो अख्खा अध्याय वाचावा. आसाने आधी मंदिरातलं सोनं-रुपं काढून अरामाच्या राजाची मदत विकत घेतली, आणि त्याबद्दल जाब विचारणाऱ्या द्रष्ट्याला तुरुंगात टाकलं. देवाला आयुष्यातून वजा करण्याची ही सवय आजारपणातही सुटली नाही, अशी तिथली तक्रार आहे. वैद्याकडे जाणं हा गुन्हा असता, तर हिज्कीयाचा लेपही गुन्हाच ठरला असता. दुसरं वचन जास्त वजनदार आहे. याकोब लिहितो की आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, आणि विश्वासाची प्रार्थना त्याला वाचवील. हे वचन सौम्य करण्याची मला इच्छा नाही. मात्र त्यात वैद्याला घराबाहेर काढा असं कुठेही नाही, आणि आजारी माणसाच्या विश्वासाचं माप घ्या असंही नाही. प्रार्थना वडिलांनी करायची आहे. खाटेवर पडलेल्याने आपला विश्वास सिद्ध करून दाखवायची अट आपण मागाहून घातली.

या अटीचं फळ भयंकर असतं. बरं वाटलं तर सभेचं नाव होतं, नाही वाटलं तर दोष आजाऱ्याच्या माथी. शिवाय रोग कुणाची वाट पाहत नाही. क्षयाचे उपचार सहसा सहा महिन्यांचे. मध्येच सोडले तर जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात आणि घरातल्या इतरांनाही धोका वाढतो. औषध सोडून देवाने वाचवावं म्हणणं ही त्याची परीक्षा पाहणंच आहे. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देव झेलेल, असं सैतान म्हणाला तेव्हा येशूने देवाची परीक्षा पाहायला नकार दिला. 1527 मध्ये विटेनबर्गमध्ये प्लेग आला असता मार्टिन ल्यूथरने हाच धागा पकडला. तो रोग्यांची सेवा करत शहरात राहिला, पण औषध नाकारणाऱ्यांना आणि संसर्गाची पर्वा न करणाऱ्यांना देवाची परीक्षा पाहणारे ठरवलं.

मग कुणी विचारेल, औषधच काम करणार असेल तर प्रार्थना कशाला? हा आक्षेप मला पहिल्यापेक्षा कठीण वाटतो. पौलाने देहातल्या काट्यासाठी तीनदा विनवणी केली आणि काटा राहिला. मिळाली ती पुरेशी कृपा. गेथशेमानेत खुद्द येशूची प्रार्थना प्याला टाळू शकली नाही. म्हणजे प्रार्थनेची किंमत निकालावर ठरत नाही. आजारी माणूस आपलं भय, राग, थकवा घेऊन देवापुढे जातो आणि त्याला तिथे जागा असते. गोळीने हे होत नाही, आणि प्रार्थनेने गोळी निरुपयोगी होत नाही. दोन्हींचा दाता एकच आहे, असं मानणाऱ्याला त्यांत चुरस लावण्याचं कारणच उरत नाही.

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती परंपरेला हे कळत होतं. डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय उभारलं ते सुवार्तेचा भाग म्हणूनच. 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले, तेही विश्वासापोटी. त्यांनी गावातल्या अल्पशिक्षित, निरक्षर बायांना आरोग्यसेविका म्हणून शिकवलं. तेव्हा पाळकांना आणि सभा चालवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून जरूर प्रार्थना करा, आणि उठण्यापूर्वी त्याला विचारा, आजची गोळी घेतली का?