चिंध्यांचें मोल

टाकाऊ वस्तूंपासून उपयोगी वस्तू करण्याच्या कलेचें कौतुक आजकाल सर्वत्र ऐकूं येतें, आणि तें अस्थानीं आहे असें कोणी म्हणणार नाहीं. आम्ही स्वतः त्या कौतुक करणाऱ्यांपैकींच आहों. परंतु गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्याच ओटीवर जो एक लहानसा प्रसंग घडला, त्यामुळें एक प्रश्न आम्हांस सोडीनासा झाला आहे. या विद्येची आपण स्तुति करतों, तेव्हां नेमका मान कोणास देतों? वस्तूस, स्वतःच्या काटकसरीस, कीं ज्या हातांनीं तें काम केलें त्या हातांस?

वस्तूस मान देण्याची परंपरा आपल्याकडे फार जुनी आहे. विनयपिटकांतील एक कथा वाचकांपैकीं कांहींस ठाऊक असेल. कौशांबीच्या उदयन राजाच्या अंतःपुरांतील स्त्रियांनीं आनंदास ५०० वस्त्रें दान केलीं. राजास तें रुचलें नाहीं. हा भिक्षु आतां कापडाचें दुकान मांडणार कीं काय, अशी त्यास शंका आली. त्यानें विचारलें, आणि एका उत्तरांतून दुसरें उत्तर निघत गेलें. नवीं वस्त्रें ज्यांचीं चीवरें विरलीं त्या भिक्षूंस, विरलेल्या चीवरांच्या बिछान्यावरील चादरी, चादरींच्या गाद्यांच्या खोळी, खोळींचीं आंथरणें, आंथरणांचीं पायपुसणीं, पायपुसण्यांचीं फडकीं, आणि फडक्यांच्या चिंध्या चिखलांत मळून जमीन सारवावयास. राजानें संतुष्ट होऊन आणखी ५०० वस्त्रें दिलीं. या कथेंतील एक गोष्ट मात्र सहज निसटून जाते: तेथें कोणी कोणास मजुरी देत नाहीं. वापरणारे व कष्ट करणारे एकाच संघांतले.

आमची गोष्ट गोधडीची आहे. देशावर तिला वाकळ म्हणतात. सुती लुगडें वर्षानुवर्षें धुतलें गेल्यानें जें मऊपण येतें तें नव्या कापडास कितीही पैसे मोजून येत नाहीं. येथें जुनें हें नव्याची उणीव भरून काढणारें नसून नव्यापेक्षां सरस असतें. त्याचे थर एकावर एक आंथरून कडेपासून धावदोरा घालीत, चौकोनांत चौकोन करीत, शिवणारी मध्यापर्यंत येते. उत्तर कानडा जिल्ह्यांतील सिद्दी स्त्रिया अशाच कवंदी शिवतात व चारी कोपऱ्यांस चिंधीचें एकेक 'फूल' लावल्यावांचून ती पुरी झाली असें मानीत नाहींत. बंगालच्या कांथाविषयीं तर काय सांगावें!

आमच्या कैलासवासी मातोश्रींचीं चार लुगडीं पेटींत होतीं. गोधडी शिवणारी एक बाई दारावर आली. तिनें १,५०० रुपये सांगितले. आम्हीं शहाणपणानें म्हटलें, "कापड आमचें, दोरा तेवढा तुझा. चिंध्या जोडायला इतके पैसे कसले?" ती म्हणाली, "काका, लुगडं जुनं हाय. टाका नवाच घालावा लागतो." आम्ही हंसलों, आणि सौदा १,००० वर तुटला.

ओटीवर बसून तिनें ११ दिवस काम केलें. अकराव्या दिवशीं गोधडी हातांत आली, तेव्हां आम्हीं सहज हिशेब केला. दिवसाला ९१ रुपयेही पडत नव्हते.

ती स्वखुषीनें कबूल झाली, असें कोणी म्हणेल. पावसाळा समोर असतां रिकाम्या हातांनीं घरीं जाण्यापेक्षां १,००० बरे, या विचारास खुषी म्हणावयाचें असेल तर म्हणावें. आमच्या मनास जी गोष्ट लागली ती निराळी आहे. गोधडीस मजुरी पडते हें आम्हांस खरोखर ठाऊकच नव्हतें. घरांतल्या साऱ्या गोधड्या मातोश्रींनीं दुपारच्या वेळीं, डोळ्यांना पाणी येईपर्यंत शिवल्या आणि त्याचें बिल कधीं कोणापुढें ठेविलें नाहीं. त्यांचें तें काम विनामूल्य होतें. आम्हीं तें मूल्यहीन धरलें, आणि तोच भाव दारावरच्या बाईस लाविला. म्हणजे अन्याय एकीवर झाला नाहीं, दोघींवर झाला. पैकीं एकीची भरपाई आतां आम्हांस करतां येण्याजोगी नाहीं.

अमेरिकेंतील अलाबामा राज्यांत जीज् बेंड नांवाची निग्रो वंशाच्या शेतकऱ्यांची वस्ती आहे. तेथील स्त्रियांनीं कामाच्या झिजलेल्या कपड्यांच्या गोधड्या केल्या त्या थंडी वाजूं नये म्हणून. २००२ सालीं त्याच गोधड्या ह्यूस्टन व न्यूयॉर्क येथील कलासंग्रहालयांच्या भिंतींवर टांगल्या गेल्या व जाणते लोक थक्क झाले. कापड तेंच होतें, टाकेही तेच. आमच्याकडेही मोठ्या शहरांतून हल्लीं नवें कोरें कापड मुद्दाम फाडून त्याच्या गोधड्या विकल्या जातात. त्या विद्वत्तेविषयीं न बोललेलें बरें.

दिवाळीच्या सुमारास ती बाई शेजारच्या घरीं आली होती. आम्हीं तिला बोलावून राहिलेले ५०० रुपये दिले. तिनें ते मोजून कमरेस लाविले, कशाबद्दल म्हणून विचारलें नाहीं, एवढेंच म्हणाली, "आणखी कापडं हाईत का?" वडिलांचीं तीन धोतरें आहेत. आम्हीं दर विचारला. तिनें पुन्हा १,५००च सांगितले.