पाचवी खाच

"स्थितप्रज्ञाला दुखतं का रे?"

बाबांनी हे मला गाडीच्या मागच्या सीटवरून विचारलं होतं. देऊळघाटहून बुलडाण्याला दवाखान्यात चाललो होतो. खड्ड्यात मागचं चाक आदळलं, त्यांच्या कमरेतून कळ गेली आणि कण्हायच्या ऐवजी ते हे बोलले. रोज दिवेलागणीला ज्ञानेश्वरी वाचणारा माणूस. स्थितप्रज्ञाची लक्षणं सांगणारा दुसरा अध्याय इतक्या वेळा उघडलेला, की तिथली पानं शिवणीतून सुटली होती. मी काही बोललो नाही. उत्तर माहीत नव्हतं, आणि खड्डा चुकवता आला नाही याचीच चुटपुट लागली होती.

मी मिस्त्री आहे. पंचवीस वर्षं गावात गॅरेज चालवतो. मला जे कळतं ते हाताला कळतं. म्हणून बाबांचा प्रश्न मी शॉकअपमधून सोडवत आलो.

त्यांना न्यायचं असलं की आधी हूक पाना घेऊन मागचे दोन्ही शॉकअप दुसऱ्या खाचेवरून पाचव्या खाचेवर चढवायचे, हा माझा नेम. गिऱ्हाईक म्हणतं, "शॉकअप कडक करून दे." पण खाच बदलून स्प्रिंग कडक होत नाही. स्प्रिंग तीच असते, फक्त आधीपासून थोडी जास्त दाबून ठेवलेली. त्यामुळे ओझ्याखाली गाडी बसत नाही आणि खड्ड्यात चाकाला वर यायला जागा उरते. माणूस उतरला की खाच पुन्हा खाली आणायची. दर वेळी पाना, दर वेळी वाकणं.

हे काम स्वतःचं स्वतः करणारा शॉकअप मी एकदाच पाहिला. तरुणपणी पुण्यात एका गॅरेजात हाताखाली होतो, तेव्हा बीएमडब्ल्यूची के १०० आली होती, लांबच्या प्रवासाची जंगी मोटारसायकल. मागे बोगे कंपनीचा निवोमॅट शॉकअप. आम्ही दोघं पोरं सीटवर बसलो, मागची बाजू खाली गेली. आता वर येईल, मग येईल, म्हणून वाट बघत राहिलो. काही नाही. उस्ताद म्हणाले, "उभ्या गाडीवर काय बसलात? फिरवून आणा." फिरवून आणली. आम्ही दोघं तसेच वर बसलेलो आणि गाडी मात्र आपल्या उंचीवर आलेली.

उस्तादांनी फरशीवर खडूने काढून दाखवलं. आत तेल आणि दाबलेला वायू. मधली दांडी पंपाचं काम करते. चाक खड्ड्यात वर-खाली झालं की प्रत्येक हिसक्याला ती थोडं तेल कमी दाबाच्या कप्प्यातून जास्त दाबाच्या कप्प्यात ढकलते. तिथला वायू अधिक दाबला जातो आणि गाडी उचलली जाते. नेमकी उंची आली की आतली वाट उघडते, वरचं तेल परत फिरतं. ओझं उतरलं की गाडी जास्त वर जाते, तीच वाट उघडते आणि ती पुन्हा आपल्या जागी येते. वायर नाही, बॅटरी नाही, बटण नाही. होंडाच्या गोल्ड विंगला १९८० सालीच हवेचे शॉकअप आले, पुढे तिच्या भारी मॉडेलवर हवा भरायचा पंपही गाडीतच बसवला. पण तिथे बटण दाबायला माणूस लागायचा. निवोमॅटला उचलायची ताकद खड्डे देतात. सपाट, गुळगुळीत रस्त्यावर तो सावकाश उठतो. उभ्या गाडीवर उठतच नाही.

गावी परतल्यावर बाबांना हे सांगितलं, तर म्हणाले, "मग आपलं येळगाव काय वेगळं आहे?" खरंच. आमच्या अंगणातून गेलेली पैनगंगा बुलडाण्याजवळ येळगावच्या धरणात अडते. तिथे गोडबोले दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर चढलं की त्याच पाण्याच्या दाबाने ते कलतात, पातळी उतरली की मिटतात. बाबा पावसाळ्यात मुद्दाम ते बघायला न्यायला लावायचे.

बाबांच्या प्रश्नातल्या त्याच स्थितप्रज्ञाच्या लक्षणांवर विनोबांनी १९४४ साली शिवनीच्या तुरुंगात व्याख्यानं दिली. मला नेहमी वाटतं, तुरुंगात ऐकणाऱ्यांना तो विषय पुस्तकी वाटला नसेल. ते खड्ड्यातच होते. समत्व घरात पाट मांडून बसल्याने अंगी येतं, असं मला वाटेनासं झालं, ते त्या फरशीवरच्या खडूच्या चित्रापासून.

पण बाबांचा प्रश्न दुखण्याचा होता. त्याचं उत्तर दुसरीकडे सापडलं. नुसती स्प्रिंग असेल तर गाडी एका खड्ड्यानंतर कितीतरी वेळ झुलत राहते. ते झुलणं मारतं तेल. बारीक भोकातून रेटलं जाताना ते हिसका गिळतं आणि त्याची उष्णता करतं. राजूर घाट चढून आलेल्या, मागे दोन पोती बांधलेल्या गाडीच्या शॉकअपला हात लावून बघा. नळी तापलेली असते. वर बसलेल्याला धक्का जाणवला नाही, तो कुठे गेला, हे त्या नळीला विचारा. तेल गळून गेलेला शॉकअप मात्र गारच राहतो, आणि गाडी उड्या मारते.

शेजारच्या पंक्चरवाल्या चाचांना मी एकदा विचारलं, सब्र करणाऱ्याला लागतं का हो? त्यांनी ट्यूब पाण्यात दाबून धरली होती, बुडबुडे बघत होते. मान वर न करता म्हणाले, "लगता है तो सब्र. नहीं लगता तो काहे का सब्र?"

बाबांना मी हे सगळं सांगणार होतो. राहून गेलं. गेल्या आषाढात ते गेले.

चौदावं झाल्यावर एकटाच बुलडाण्याला निघालो. गाडी बारक्या दगडावरसुद्धा लाथ मारत होती. वाटलं, शॉकअप गेले. रस्त्याच्या कडेला वाकून पाहिलं, तर दोन्ही पाचव्या खाचेवर. शेवटचं त्यांना नेलं, तेव्हाचे. ओझं गेलं होतं आणि गाडी अजून त्यांच्यासाठी कंबर कसून होती. माझ्याजवळ पाना होता. तरी मी खाच उतरवली नाही, तसाच गेलो आणि तसाच आलो. घरी माय पहाटे चारला उठून त्यांच्या शेकाचं पाणी तापवत होती. मीही तिला कधी म्हणालो नाही की आता नको तापवू.

परवा तिचे डोळे दाखवायला बुलडाण्याला न्यायचं होतं. माय हडकुळी, तिला पाचवी सोसली नसती. सकाळी गॅरेजात बसून दोन्ही बाजू तिसऱ्या खाचेवर आणल्या. ती दारात उभी राहून बघत होती. रस्ताभर काही बोलली नाही. दवाखान्याच्या दारात उतरल्यावर मी सवयीने वाकून नळीला हात लावला.

"काय झालं?" तिने विचारलं.

मी तिचा हात धरून नळीवर ठेवला. तिने तो बराच वेळ काढला नाही.

"कोमट आहे की रे," ती म्हणाली.